बसून केलेलं कीर्तन

या, असे पुढे येऊन बसा. भिंतीला टेकायचं तर टेका, पाय लांब करायचे तर करा, माझी काही हरकत नाही. पंखा तेवढा कमी करा, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही. आज एक गोष्ट सांगते. आपल्या बडोद्यातलीच आहे. तिच्यात देव आहे, पेटी आहे आणि कापडाची एक बाहुली आहे. आख्यानात असतो तसा राक्षस मात्र कुणी नाही. सगळी चांगली माणसं आहेत, आणि म्हणूनच तर घोटाळा झाला.

शरच्चंद्रबुवांना तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात ते फिटर होते. दिवसभर लोखंडाशी झुंजायचे आणि गुरुवारी संध्याकाळी खांद्यावर उपरणं टाकून दत्तमंदिरात कीर्तनाला उभे राहायचे. हाताला ग्रीसचा वास आणि गळ्यात मध! पूर्वरंगात ते जरा रेंगाळायचे, खोटं कशाला बोलू, पण आख्यान लागलं की उठून जायची कुणाची छाती नव्हती. त्यांचा एक नेम होता. म्हणायचे, "ऐकणाऱ्याला रानात सोडून आपण घरी जायचं नाही. आख्यानात माणूस विहिरीत पडला, तर आरतीच्या आत त्याला वर काढायची जबाबदारी माझी."

मोहना ही त्यांची एकुलती एक मुलगी. जन्मतःच पाठीच्या कण्यात दोष, पायांत ताकद नाही. कळायला लागल्यापासून चाकाची खुर्ची. बाकी सगळी बापावर गेलेली. तोच आवाज, तोच हजरजबाबीपणा, आणि आख्यानं तर बापापेक्षा पक्की. मंदिरात पहिल्या ओळीच्या कडेला तिची खुर्ची असायची. बुवा एखादी ओळ विसरले की ती नुसत्या ओठांनी पुरवायची आणि बुवा डोळे मिटून, जणू देवानंच सुचवलं अशा थाटात, पुढे जायचे.

लहान होती तेव्हा एकदा तिनं विचारलं, "बाबा, मी करू कीर्तन?"

आता तुम्हाला ठाऊकच आहे, कीर्तन उभ्यानं करायचं असतं. बसून करतात ते प्रवचन. कीर्तनकाराच्या त्या जागेला नारदांची गादी म्हणतात. तिथे पाय रोवून उभं राहायचं, डोलायचं, प्रसंगी नाचायचं. बुवांनी लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "करशील ना, बाळा. उभी राहिलीस की कर."

किती मायेनं म्हणाले असतील! त्यांना मनापासून वाटत होतं, पोर एक दिवस उभी राहणार. पण मोहनानं ते वाक्य पदराच्या गाठीला बांधून ठेवलं आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

मोठी झाल्यावर ती बाहुल्यांकडे वळली. हातात मोज्यासारख्या घालतात ना, त्या बाहुल्या. कागदाच्या लगद्याचं डोकं, चिंध्यांचे केस, झबल्याचं अंग. त्यांतली एक ठकी. ठकी तिनं आपल्यासारखीच केली. झबल्याखाली दोन लुळे पाय शिवले आणि बसायला तारेची इवलीशी खुर्ची केली. प्लास्टिकच्या दोन बांगड्या, झाली चाकं! उजव्या हातात ठकी आणि डाव्या हातात, एका काडीवर, ठकीची खुर्ची. बालवाड्यांतून ती खेळ करायला लागली. आपल्यापेक्षा वेगळं चालणाऱ्या, वेगळं बोलणाऱ्या मुलाशी खेळायचं कसं, हे ठकी मुलांना शिकवायची. अर्धं मराठी, अर्धं गुजराती, आणि मुलं हसून हसून लोळायची.

बुवा तोवर निवृत्त झाले होते. ते पेटी घेऊन पडद्याच्या बाहेर बसत, आणि ठकीची त्यांच्याशी जुगलबंदी चाले.

"बुवा, तुमचे केस कुठे गेले?"

"देवाला वाहिले गं."

"मग देवानं परत का पाठवले नाहीत? त्याच्या मापाचे निघाले?"

असं चाले. खेळ मोहनाचा, पण शेवट बुवांचा. पेटी चढायची, नामघोष सुरू व्हायचा, मुलं टाळ्या धरायची आणि त्या गजरात ठकी खुर्चीतून उठून नाचायला लागायची. बुवांच्या गालांवरून पाणी वाहायचं. प्रत्येक खेळाला. मोहनानं किती वेळा म्हटलं, "बाबा, हा शेवट नको." ते म्हणायचे, "मग पोरांना काय रानात सोडायचं?" आणि डोळे पुसायला लागायचे. त्या डोळ्यांपुढे तिचं काही चालायचं नाही.

मला ती एकदा म्हणाली होती, "मावशी, ठकीला उठवायचं म्हणजे डावा हात खाली घ्यावा लागतो. ती एवढीशी खुर्ची माझ्या मांडीवर येऊन पडते. वर टाळ्या चाललेल्या असतात, ठकी नाचत असते, आणि खाली अंधारात आम्ही दोन खुर्च्या."

अंधारात म्हणजे खरोखरच अंधारात. बाहुल्यांचा तो रंगमंच बुवांनी स्वतः बनवला होता. लोखंडी पाइपांची चौकट, तिच्यावर चारही बाजूंनी काळं कापड, पुढे बाहुल्यांसाठी फळी आणि फळीखाली बघायला एक फट. डभोईला एका शाळेत कुणा पोरानं पडदा ओढला आणि सगळी चौकट मोहनाच्या अंगावर आली होती. कपाळाला टाके पडले. तेव्हापासून बुवांनी पद्धत घातली. मोहनाची खुर्ची आत गेली की मागचा दांडा लावायचा आणि पान्यानं नट-बोल्ट आवळायचे. फिटरचाच हात तो, सैल कसा राहील? खेळ संपवून बुवा पाना घेऊन येईपर्यंत मोहनाला बाहेर पडायची सोय नव्हती. दर वेळी बोल्ट आवळताना ते म्हणायचे, "राजकन्या किल्ल्यात बंद!" आणि ती आतून म्हणायची, "किल्ली हरवू नका, महाराज." पहिल्यांदा दोघं हसली असतील. पुढेपुढे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत.

तर झालं असं, की वासण्याच्या एका बालवाडीतून अस्मिताबेनचा फोन आला. वर्गात प्राची नावाची नवी मुलगी आली होती, चाकाच्या खुर्चीतली. "मुलं वाईट नाहीत हो," अस्मिताबेन म्हणाल्या. "पण तिला बाळासारखी सांभाळतात. तोंडात बिस्किटं कोंबतात, गाल ओढतात, खुर्ची ढकलत फिरवतात. खेळायला मात्र घेत नाहीत. ती बिचारी तोंडच उघडत नाही. तुमचा खेळ झाला तर बरं."

खेळाच्या दिवशी सकाळी ठकीच्या वेण्या घालता घालता मोहना म्हणाली, "बाबा, आज ठकी उठणार नाही."

"का गं?"

"तिथे एक मुलगी आहे खुर्चीतली. ठकीला उठताना बघून ती काय समजेल?"

"समजेल की देव आहे."

"आणि मग ती स्वतः नाही उठली, तर काय समजेल?"

बुवांनी पाना पिशवीत टाकला. "बघू."

"बघू नाही, बाबा. शब्द द्या."

"अगं दिला, दिला. चल, टेम्पोवाला हॉर्न मारतोय."

शब्द दिला खरा, पण देताना ते पेटीच्या भात्याकडे बघत होते, लेकीकडे नाही.

वासण्याला पोचल्यावर अस्मिताबेननी बुवांच्या गळ्यात शेवंतीचा हार घातला. मोहना चौकटीत गेली. मागे बोल्ट कर्रकर्र आवळले गेले. "राजकन्या किल्ल्यात बंद!" आज तिनं उत्तर दिलं नाही. आत उकडत होतं, कापडाला जुन्या ट्रंकेचा वास होता आणि खुर्ची पुढेमागे वीतभरसुद्धा हलत नव्हती. फटीतून तिला दिसली ती मुलांच्या गुडघ्यांची रांग, आणि रांगेच्या अगदी कडेला दोन चाकं. चाकांच्या वर लाल रिबिनींची एक मुलगी पाण्याची बाटली पोटाशी धरून बसली होती.

खेळ रंगला. बुवांच्या टकलावर मुलं हसली. मग ठकी म्हणाली, "माझ्या खुर्चीला हात लावायच्या आधी काय करायचं?"

"विचारायचं!" मुलं ओरडली.

"मला बिस्कीट द्यायच्या आधी?"

"विचारायचं!"

"आणि माझ्याशी पकडापकडी कशी खेळायची?"

इथे मुलं अडली. वरद नावाचा एक दांडगा मुलगा होता, वर्गाचा पुढारीच. तो म्हणाला, "तू बसून राहा. आम्ही पळतो. तू बघ."

"हे बरंय! उद्या तू जेव आणि मी बघते."

सगळे हसले. आणि त्या हसण्यात, कडेनं, अगदी हळू एक आवाज आला. "मी चाक पायावर चढवते."

सगळ्यांच्या माना वळल्या. प्राची बोलली होती.

"कुणाच्या पायावर?" ठकीनं विचारलं.

"सगळ्यांच्या. बोटावर चाक चढलं की आउट. घरी दादाला करते."

"दुखतं का दादाला?"

"हो," प्राची म्हणाली आणि हसली.

वर्ग नुसता उसळला! वरदनं चपलेतली बोटं आक्रसून घेतली. मोहना मला म्हणाली, "मावशी, मला आत त्या काळोखात असं झालं, की देव येऊन बोलून गेला. याहून चांगला शेवट कुणी लिहिला असता? मी लगेच ठकीच्या तोंडून म्हटलं, चला मंडळी, प्राचीचा नियम! बाहेर जाऊन खेळू या, राम राम!"

आणि पेटी सुरू झाली.

बुवांनी शब्द मोडायचं ठरवलं होतं असं नाही हं. मी त्यांना ओळखते. पण इतकी वर्षं ठकीच्या 'राम राम' नंतर बोटं आपोआप त्या सुरावर जायची, तशी गेली. डोळे मिटले गेले. आणि एकदा डोळे मिटले की बुवा वासण्याला राहत नाहीत, देवाच्या दारात असतात. "विठ्ठल विठ्ठल" सुरू झालं. मुलांनी टाळ्या धरल्या. "जोरात म्हणा! अजून जोरात! आपल्या ठकीला देव उठवणार!"

मोहनानं उजवा हात तसाच धरून ठेवला. ठकी बसून राहिली.

नामघोषाचं एक आवर्तन झालं, दुसरं झालं. दंडाला कळ लागली, घाम डोळ्यांत उतरला. "बाबा," तिनं आतून हाक मारली. पेटीच्या आवाजापुढे ती हाक तिला स्वतःलाच ऐकू आली नाही. मुलं ठकीकडे टक लावून बघत होती. ठकी उठेना तसा बुवांचा घोष थांबेना, लय आणखीच चढत गेली. कापड, पाइप, आवाज, सगळंच तिच्या अंगावर आल्यासारखं झालं. आणि तेवढ्यात बुवा पेटीचे सूर एकदम हलके करून म्हणाले, "ऊठ, बाळा."

ठकीला ते कधी बाळा म्हणत नसत. बाळा म्हणत ते फक्त मोहनाला.

तिचा हात वर गेला.

तारेची खुर्ची मांडीवर येऊन पडली. वर ठकी नाचायला लागली, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि बुवांच्या गालांवरून धारा लागल्या. मोहनाला वाटलं, आता झालं. दर वेळेसारखं झालं आणि संपलं.

पण संपलं नाही. वरद उठून उभा राहिला. "आता प्राची! आता प्राचीला उठवू!"

मुलांच्या गुडघ्यांची रांग फटीसमोरून निघून गेली आणि त्या दोन चाकांभोवती गोळा झाली. "ऊभी था, प्राची! ऊभी था!" उभी राहा, उभी राहा! टाळ्या, नाव, टाळ्या. खरं सांगते, एकाच्याही मनात खोट नव्हती. ठकीसारखं प्राचीचंही भलं व्हावं, एवढंच त्यांना वाटत होतं. अस्मिताबेन मोबाइलवर चित्रीकरण करत होत्या, डोळे भरून आलेले. इतके दिवस जी मुलं तिच्याजवळ खेळायला जात नव्हती ती आज तिच्यासाठी देवाचं नाव घेताहेत, यापरतं त्यांना काय हवं होतं? आणि बुवांना वाटलं, पोरं रंगली. त्यांनी डोळे न उघडता लय दुप्पट केली.

प्राची आधी हसली. मग तिनं खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून अंग वर उचलायचा प्रयत्न केला. पाण्याची बाटली पडली. कुणीतरी म्हणालं, "तू जोरात म्हणत नाहीस म्हणून देव उठवत नाही." मग ती जोरात म्हणायला लागली. विठ्ठल म्हणता म्हणता तिचं तोंड वाकडं झालं आणि रडू फुटलं. वरदनं मदत म्हणून तिचा दंड धरला, दुसऱ्या मुलीनं दुसरा, आणि दोघं ओढायला लागली.

मोहनानं चाकं मागे रेटली. खुर्ची दांड्यावर आपटली. पुन्हा रेटली. लोखंड हललं नाही. "बाबा! अस्मिताबेन!" कोण ऐकतंय? कापड फाडायला बघितलं, तर बापानं मेणकापड लावलेलं, पक्कं. दोन हातांवर उभा असलेला तिचा सगळा संसार, आणि ते दोन हातसुद्धा फळीपर्यंतच पोचत होते.

मग तिनं काय केलं, ऐका. मांडीवरची ती तारेची खुर्ची उचलली आणि फळीवर दाणकन आपटली. एकदा, दोनदा. आणि ठकीला पुन्हा फळीवर आणून तिच्यात बसवलं. आजवरच्या कुठल्याही खेळात ठकी उठल्यावर परत बसली नव्हती.

"बुवा!" ठकी अशी किंचाळली की पेटीचा भाता हातातच राहिला. "पेटी बंद!"

प्राचीचे हुंदके तेवढे ऐकू येत होते.

"वरद, सोड तिला. खुर्चीला हात लावायच्या आधी काय करायचं?"

"विचारायचं," वरद पुटपुटला. त्यानं हात सोडला, दुसऱ्या मुलीनंही सोडला. प्राची धपकन खुर्चीत बसली.

"विचारलंस?"

"ना. पण तुला देवानं उठवलं ने!"

"देव दिसला तुला?"

"नाही."

"मलाही नाही. मला बुवांनी उठवलं."

सगळी मुलं बुवांकडे वळली. बुवांनी डोळे उघडले होते. समोर रडणारी प्राची होती, जमिनीवर पाणी सांडलं होतं आणि फळीवर ठकी बसलेली होती. अस्मिताबेननी मोबाइल खाली केला आणि जाऊन प्राचीचे डोळे पुसले.

"बुवा, खरं सांगा," ठकी म्हणाली. "मी बसलेली असले की तुम्हाला आवडत नाही का?"

"असं कसं बोलतेस, ठकी..."

"मग दर वेळी उठवता कशाला? मी गाणं म्हटलं, पोरांना हसवलं, तुमच्या टकलाची थट्टा केली, सगळं बसून केलं. उठले की जरा नाचते आणि खेळच संपतो. आणि माझी खुर्ची कुठे जाते, विचारलंत कधी?"

"कुठे जाते?" वरदनं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"खाली अंधारात पडते."

प्राचीनं नाक पुसलं. "मग तू घरी कशी जातेस?"

"बघा!" ठकी म्हणाली. "एवढं साधं हिला कळलं."

बुवा गडबडले. "अगं पण आख्यान असं अर्धवट... ऐकणाऱ्याला रानात सोडून..."

"मी कुठे रानात आहे? मी वासण्याला आहे, बालवाडीत आहे." मुलं हसली. बुवा नाही हसले. ठकी खुर्चीत पुढे झुकली. "बुवा, मला कीर्तन करायचंय. करू?"

ठकीचा आवाज बारीक, किनरा असायचा. हा 'करू' मात्र मोहनाचा होता. तोच लहानपणचा, पहिल्या ओळीच्या कडेचा.

मुलांना काही कळलं नाही. बुवांना कळलं. त्यांच्या तोंडून जुनं उत्तर निघायला लागलंच होतं. "उभी रा..." आणि त्यांची नजर प्राचीवर गेली. ती बाटली पुन्हा पोटाशी धरून उत्तराची वाट बघत होती. वरद बघत होता. त्या काळ्या कापडाआड, त्यांनी स्वतःच्या हातानं आवळलेल्या बोल्टांच्या आत, त्यांची लेक बघत होती. बुवांना पुढेही जाता येईना आणि मागेही. एवढ्या आख्यानांतून लोकांना विहिरीबाहेर काढणारा माणूस, त्या दिवशी स्वतःच काठ शोधत होता.

मग ते उठले. गुडघे धरत फळीपाशी आले. पूर्वरंग संपला की वडीलधाऱ्यानं कीर्तनकाराला हार घालायचा, ही आपली रीत. कीर्तनकार वयानं लहान असला तरी त्याच्या पाया पडायचं, कारण त्या जागी तो आपलं पोर नसतो. बुवांनी गळ्यातला शेवंतीचा हार काढला आणि ठकीला घातला. हार केवढा आणि ठकी केवढी! ठकी, खुर्ची, फळी, सगळं फुलांखाली गेलं. बुवांनी फळीवर डोकं टेकवलं.

"करा, बुवा," ते ठकीला म्हणाले.

आणि जाऊन मुलांच्या रांगेत, प्राचीच्या चाकाशेजारी मांडी घालून बसले.

फुलांमधून ठकीचं नाक तेवढं दिसत होतं. ते नाक थरथरत होतं, असं अस्मिताबेन सांगतात. मोहनानं कीर्तन केलं, छोटंसंच. एका चाकाचं आख्यान, ज्याच्याखाली वासण्यातल्या सगळ्या दांडगट पोरांची बोटं येतात. मध्येच नामघोषही घेतला. मुलांनी टाळ्या धरल्या, आणि कुणालाही उठवायचं नसल्यामुळे नामघोष कसा मोकळा मोकळा झाला. मग मुलं अंगणात गेली. बाहेरून वरदचा आवाज आला, "आ! आउट, आउट, मान्य!"

आत मोहना तशीच बसली होती. मागून पान्याचा आवाज आला. नट फिरेना. बुवांचे हात घामेजलेले, आणि सकाळी आवळलेलाही फार.

"मोहना."

"हं."

"रागावलीस?"

"हात भरून आलेत. आधी काढा मला."

"काढतो, काढतो." पाना निसटला, पुन्हा लागला. मध्ये काळं कापड होतं, एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, बरंच होतं. नटाशी झगडतच ते म्हणाले, "येत्या गुरुवारी माझा घसा बसणार आहे."

"आज सोमवार आहे, बाबा."

"मला आधी कळतं." नट कर्रकन फिरला. "मंदिरात दुसरं कुणी बघावं लागेल."

आत तिनं ठकीच्या गळ्यातला हार सोडवून मांडीवर घेतला.

दुसऱ्याच दिवशी बुवांनी चौकट अंगणात काढली आणि मागच्या दांड्याला बिजागरी बसवली. दांडा आता दारासारखा उघडतो. त्याला कडी आहे, आणि ती आतून आहे.

गुरुवारी मी मंदिरात होते. नारदांच्या गादीवर चाकाची खुर्ची बघून मागे कुजबुज झालीच. कुणी म्हणालं, "हे कीर्तन की प्रवचन?" बुवा पेटीवर होते. गळ्याला मफलर गुंडाळून, बसलेल्या घशानं चांगले खणखणीत म्हणाले, "आधी ऐका, मग नाव ठेवा." मोहनाचा आवाज पहिल्या पदाला कापला, दुसऱ्याला सावरला. पुढचं काय सांगू, उठायची छाती कुणाची नव्हती. ज्यांनी कुजबुज केली त्यांतले काही शेवटपर्यंत तोंड पाडून बसले होते, तेही सांगते. एका दिवसात सगळं बदलत नसतं.

प्राचीही आली होती, आईबरोबर. पहिल्या ओळीच्या कडेला. आरती लागली तसे आम्ही सगळे उठून पुढे सरकलो, सवयीनं. एवढी माणसं एकदम उभी राहिली की खुर्चीतल्या लहान मुलीला काय दिसतं, ठाऊक आहे? नुसती पाठींची भिंत. त्या भिंतीमागून आवाज आला, "आई, देव कुठे गेला?"

मी वळून बघितलं. उभं राहता येणाऱ्या आम्हा सगळ्यांत एकटे बुवा बसून होते. पेटी सरकवून ते प्राचीशेजारी जाऊन बसले होते आणि आपल्या जाड्या बोटानं दोन माणसांमधली फट दाखवत होते. "तिथून बघ. दिसला?" नंतर कुणीतरी विचारलं, बुवा, आरतीला बसून? तर म्हणाले, "गुडघे हो."

झाली माझी गोष्ट. देवाला हात जोडा आणि निघा. मागणं एकच आहे. पुढच्या वेळी आरतीला उभे राहाल ना, तेव्हा लाल रिबिनींच्या त्या प्राचीची आठवण ठेवा, आणि जरासे बाजूला सरका.